गोळीवाल्याचा दुखवटा

गोळीवाले भाऊ गेले तेव्हा नाक्यावर त्यांचा बॅनर लागला. वर त्यांचा फोटो, खाली मंडळातल्या पोरांचे फोटो, भाऊंच्या फोटोपेक्षा मोठे. मध्ये लिहिलं होतं, 'गावाचा गोडवा हरपला.' मी चौथी शिकलेली आहे, मला वाचता येतं. वाचलं आणि भाजी घ्यायला पुढे गेले. गावाचा गोडवा आदल्या वर्षीच्या पाडव्यालाच गेला होता. तेव्हा कोणी बॅनर लावला नाही. आणि तो घालवला कोणी, तर ज्यांचे फोटो खाली छापले होते त्यांच्याच घरांनी.

आमचं गाव सानपाड्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. शेतं गेली, मिठागरं गेली, त्यांच्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या. आम्ही गाववाले मधल्या बोळांत उरलो. घरांवर मजले चढवले, खोल्या भाड्याने दिल्या. भाऊ आले तेव्हा यातलं काही नव्हतं. जुन्नरकडचा तरुण माणूस, सोबत नवी बायको, एक मोठी कढई आणि पोत्यात गुंडाळलेले लाकडाचे साचे. मारुतीच्या देवळासमोरची खोली त्यांनी घेतली. पुढे दुकान, मागे भट्टी, भट्टीच्या मागे झोपायची जागा. घाटावरचा माणूस म्हणजे आमच्याकडे परका. बायका आधी नुसत्या बघायला गेल्या, मग पोरांच्या हट्टाने माल घ्यायला.

फळीवर काचेच्या बरण्या. लिमलेट, पेपरमिंट, चिंचगोळी, श्रीखंडाची गोळी. संक्रांतीला हलवा, जत्रेला बत्तासे, आणि होळीपासून पाडव्यापर्यंत गाठी. सगळं घरी केलेलं. एक बरणी फुटक्या गोळ्यांची असायची. फुटकी गोळी फुकट. ज्या पोराच्या हातात काही नसायचं त्याला भाऊ त्या बरणीतली द्यायचे. ती बरणी रिकामी असली आणि तसं पोर आलं, की भाऊ चांगल्या गोळ्यांवर वजनाचं माप टेकवायचे. कट्ट असा आवाज यायचा.

"अरे, ही तर फुटली," म्हणायचे. "घेऊन जा. फुटका माल मी विकत नाही."

आतून बायको ओरडायची, "फोडा, अजून फोडा! दुकानच फोडा एकदाचं!"

पोरांना ते कळत होतं. आवाज झाला की हात पुढे यायचे. माझ्या पोराचाही यायचा. पुष्कळ लोक याला भाऊंचा चांगुलपणा म्हणतात, मला त्याचं फार काही वाटत नाही. पोरांना गोळ्या वाटणं सोपं असतं. त्यांचं दुसरं काम अवघड होतं.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या घरात कढई चढत नाही. गोड करायचं नाही, गोड खायचं नाही, सण आला तरी नाही. दुसऱ्या घरच्या माणसांनी यायचं, सोयऱ्यांनी नाहीतर भावकीने. त्यांनी गोड आणायचं, सवाशिणीने घास भरवायचा, मग दुखवटा निघतो. हा मान नातेवाइकांचा. तिसऱ्याने मध्ये जाऊन तो घेतला तर नातेवाईक रुसतात, आयुष्यभर बोलून दाखवतात. म्हणून शेजारी जात नाहीत, वाट बघतात. नातेवाइकांचं आपसात वाकडं असलं, की ते घर तसंच कडू तोंडाने बसून राहतं.

अशा घरी भाऊ जायचे. थोडे दिवस वाट बघायचे, कोणी येत नाही असं दिसलं की नवराबायको दोघं निघायचे. पुडी भाऊंच्या हातात, घास बायकोच्या हाताने. भाडोत्री असो, गाववाला असो, कोण कुठल्या जातीचं हे विचारायचं नाही. एकदा एका घरच्या सोयऱ्यांनी येऊन त्यांना दुकानात शिव्या दिल्या, आमचा मान तुम्ही कोण खाणार म्हणून. भाऊंनी त्यांच्यापुढे बत्तासे ठेवले. "तुमचाच मान आहे. आता खा आणि तुमच्या बहिणीकडे जाऊन या," म्हणाले.

माझा नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. ट्रेलर उलटला आणि तो गेला. तेव्हा गेलेल्या शेताच्या बदल्यात सरकारने दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून दिरांशी आमचं बोलणं बंद होतं. दीर दहाव्याला आले, पाठ फिरवून बसले आणि गेले. दुखवटा काढायला कोणी आलं नाही. माहेरी आई नव्हती, माझा सख्खा भाऊ दिरांना घाबरून होता. मी आणि माझं पोर, दोघं घरात. सण आले, गेले. पोर रस्त्यावर दुसऱ्याच्या हातातल्या लाडवाकडे बघायचं आणि मी त्याला आत ओढायची.

मग एका सकाळी ही दोघं दारात. मी म्हटलं, "मला कोणाची भीक नको."

"भीक कोण देतंय?" भाऊ म्हणाले. "वैनी, तुमचं पोर दुकानाकडे फिरकत नाही. माझ्या फुटक्या गोळ्या पडून राहिल्यात. नुकसान माझं होतंय."

बायको सरळ आत आली, माझ्या तोंडासमोर पेढा धरला आणि म्हणाली, "उघड. मला भट्टीवर पाक ठेवून यायला लागलंय, करपेल." मी तोंड उघडलं. त्या दिवसापासून आमच्या घरात परत कढई चढली. तिला मी मैत्रीण म्हणत नाही, कारण ती कोणाशी बसून गप्पा मारणारी नव्हती. पण या गावात माझ्या घरात आत येऊन उभी राहिलेली ती पहिली बाई.

वर्षं गेली. कंपनीच्या गोळ्या रंगीत कागदात आल्या. बरण्या कमी झाल्या, फळीवर पाकिटांच्या माळा लटकल्या. भाऊ घरी करायचे तो माल आटत गेला, शेवटी गाठी तेवढी राहिली. गाठीला मात्र सोसायट्यांतूनही लोक यायचे. त्या पंधरवड्यावर त्यांचं वर्ष निघायचं. गाठी एकट्याने होत नाही. साचा दोन फळ्यांचा असतो, मधून दोरा जातो. एकाने दोरा ताणून धरायचा, दुसऱ्याने गरम पाक ओतायचा. दोरा ढिला पडला की माळ तुटते. दोरा नेहमी बायकोच्या हातात. तिच्या मनगटांवर पाकाचे डाग होते, बांगड्यांच्या खाली.

दिवाळी झाली आणि ती गेली. आजार पोटाचा होता, तिने कोणाला सांगितला नव्हता. मूलबाळ नव्हतं. घाटावरून भाऊंचे दोन भाऊ गाडी करून आले, दहावं-तेरावं केलं, जेवले. भाऊंचं त्यांच्याशी आधीपासून पटत नव्हतं, म्हणूनच तर ते खाली आले होते. जाताना मोठा म्हणाला, "दुखवटा काढायला येतो आम्ही. तोवर तू काही करू नको." आणि गेले.

भाऊंनी ते धरून ठेवलं. दुकान उघडायचे, पाकिटं विकायचे, भट्टी पेटवायची नाही. संक्रांत तशी गेली. हलव्याला लोक आले, परत गेले. होळी जवळ आली. घाटावर फोन केला की कधी ऊसतोड चालू असायची, कधी पोरांची परीक्षा. "येतो, येतो" एवढं मात्र दर वेळी.

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, गाठी कधी लावणार? होळी आली."

"कशी लावू? पहिली गाठी मी चाखल्याशिवाय माल बाहेर ठेवत नाही. आणि चाखायची तर तोंडावरचा दुखवटा निघाला पाहिजे."

"मग खा एक बत्तासा. कोण बघतंय?"

"आपल्या हाताने आपला दुखवटा निघत नाही, वैनी. सगळ्या गावाच्या घरी मी नियमाने गेलो. आता माझ्या घरी नियम मोडू? मग लोकांना काय, मी खेळ करत होतो?"

माणूस हट्टी होता. पण एक मला स्पष्ट दिसत होतं. पाडवा चुकला तर गिऱ्हाईक वाशीला जाणार, आणि एकदा गेलेलं परत येणार नाही. दुकान पाडव्यावर टांगलेलं होतं आणि पाडवा एका घासावर.

होळी गाठीविना गेली. तेव्हा मी घराबाहेर पडले. माझी सून होती, पण ती गरोदर, पहिलटकरीण. दुखाच्या घरी तिला पाठवत नाहीत. मी गावातल्या सवाशिणींकडे गेले. पहिली गेले ती समोरच्या बिल्डिंगच्या मालकिणीकडे. तिचा सासरा गेला तेव्हा भावकी भांडून बसली होती आणि भाऊंच्या बायकोने तिला घास भरवला होता.

ती सोफ्यावर पाय घेऊन बसलेली. म्हणाली, "त्यांची मानसं येतील ना गो घाटावरून. आपुन मदीच जाऊन त्यांचा मान खायचा का?"

"ते मान बघत बसले नव्हते, तुझ्याकडे आले तेव्हा."

"त्यांचं येगलं. ते परके हायत. परक्याला चालतं. आमाला गावात ऱ्हायाचं हाय."

हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, की परक्याला चालतं म्हणून इतकी वर्षं चाललं. तिचं घर देवळाला लागून. भाऊंच्या दुकानाची फळी तिच्या खिडकीतून दिसते.

दुसरी म्हणाली, "गोळीवाल्याच्या घरात गोडाला काय तोटा?" आणि हसली. मी हसले नाही, तर म्हणाली, "काय गो, जरा मस्करी केली." तिसरीच्या घरी लग्न ठरलेलं, त्या घरचं कोणी दुखाच्या घरी जाणार नव्हतं. मंडळाचा अध्यक्ष जिन्यात भेटला. तो म्हणाला, "काकी, टेन्शन नको घेऊ. मी ग्रुपवर टाकतो." टाकलं त्याने. मुलाने मला मोबाईल दाखवला. खाली हात जोडलेली चित्रं आली, रडकी तोंडं आली. माणूस कोणी गेलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा जाईल, आणि दुसऱ्याला वाटलं घाटावरचे येतील.

पहिल्या घरातून मी निघाले तेव्हाच समोरची मालकीण जिन्यापर्यंत आली होती. "तू नको हां जाऊस," म्हणाली. "तू कशी जाशील?"

मी विधवा आहे हे मला सांगायची तिला गरज नव्हती. इतकी वर्षं हळदीकुंकवाला मी मागे बसते, ओटी भरताना आतल्या खोलीत जाते. कोणी सांगावं लागत नाही. मी त्याबद्दल कधी भांडले नाही, भांडायला वेळही नव्हता. आणि नियमाचं म्हणाल तर तो मला पाठ होता, कारण तो माझ्यावरून गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यातला गूळ काढला, खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि दुकानात गेले. भाऊ पाकिटांवरची धूळ पुसत होते.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. "वैनी, तुम्ही?"

"दुसरं कोणी येत नाही. मी सगळीकडे जाऊन आले."

"लोक तुम्हाला बोलतील."

"मला बोलायचं त्यांचं काय राहिलंय? तुम्हाला चालत नसेल तर सांगा. मी गूळ घरी नेते, चहात घालते."

त्यांनी हातातलं फडकं फळीवर ठेवलं. समोर देवळात कोणीतरी घंटा वाजवली. मग त्यांनी तोंड उघडलं. मी गूळखोबरं घातलं. त्यांनी चावलं, गिळलं, आणि म्हणाले, "कुठून आणता हा गूळ? नुसता सोडा आहे यात."

रडणं वगैरे काही झालं नाही. आत जाऊन त्यांनी भट्टीवरचं पोतं काढलं.

दोरा मी धरला. दुसरं कोण धरणार? मला सवय नव्हती, दोन माळा तुटल्या. पाकाचा थेंब मनगटावर पडला, फोड आला. भाऊ म्हणाले, "ताठ धरा, ती ताठ धरायची." मी म्हटलं, "ती तुमची बायको होती, मी नाही." त्यांनी पुढचा साचा जोडला. मग काम नीट झालं. पांढऱ्या, गुलाबी गाठी बांबूवर टांगल्या. पहिल्या माळेतलं एक पदक भाऊंनी तोडून तोंडात टाकलं, मान हलवली. माल चांगला होता. मी खाल्ला आहे, मला माहीत आहे.

बायका आल्या. त्या येणारच, इतक्या वर्षांची सवय. माळ हातात घेतली, भाव विचारला, आणि परत टांगून ठेवली. एक, दोन, मग सगळ्याच. मी आत साचे धूत होते. दुसऱ्या दिवशी, लग्न ठरलेल्या घरची बाई हळूच म्हणाली, "राग नको हां भाऊ. रोजची वस्तू असती तर घेतली असती. ही गुढीला लावायची. वर्षाचा पहिला सन हाय."

भाऊ म्हणाले, "माल बघा ना, ताजा आहे."

"मालाला कोन काय बोलतंय? पन दुखवटा कोनी काढला ते गावाला म्हाईत हाय."

मी आतून बाहेर आले. ती माझ्याकडे बघेना, पायातली चप्पल शोधायला लागली. मी तिला म्हटलं, "तुझ्याकडे आले होते ना मी? तेव्हा लग्न आडवं आलं. आता मी आडवी आले." ती चप्पल घालून गेली. मी अजून बोलणार होते, भाऊंनी हात वर केला. "राहू द्या, वैनी. तिच्या घरी लग्न आहे. तिला भीती वाटणार." त्यांना अशा वेळीही समोरच्याची बाजू दिसायची. मला दिसत नाही.

सोसायट्यांतले लोक तरी येतील असं वाटलं होतं. थोडे आले. पण त्या वर्षी सोसायट्यांच्या गेटवरच टेबलं लागली होती, खोक्यातली गाठी, वर प्लास्टिक. गेटवर मिळत असताना बोळात कोण शिरतो?

पाडव्याच्या सकाळी गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या. प्रत्येक गुढीला गाठी, वाशीची नाहीतर गेटवरची. आमच्या घरच्या गुढीला सुनेने तिच्या आईने पाठवलेली गाठी लावली. पहिलं बाळ येणार होतं, तिची आई घाबरट. मी भांडले नाही. चहा घेऊन दुकानात गेले.

बांबू भरलेला होता. वास इतका गोड की मळमळत होतं. माश्या बसत होत्या, मुंग्यांची रांग भिंतीवरून वर गेलेली. भाऊंनी नवा सदरा घातला होता, घडीच्या खुणा असलेला. त्यांनी माझ्या हातातला चहा घेतला, प्यायला, आणि बांबू उतरवला. मग बाहेर येऊन मागच्या चाळीकडे हाक मारली. चाळीत सगळे बिहारकडचे, यूपीकडचे भाडोत्री. त्यांना आमचा दुखवटा कळत नाही आणि पाडवाही कळत नाही. पोरं धावत आली. भाऊंनी एकेकाच्या गळ्यात माळ घातली.

"चाचा, आज क्या है?" एकाने विचारलं.

"आज माल फूट गया," भाऊ म्हणाले.

पोरं माळा चाटत गल्लीतून पळत सुटली. गुढ्यांच्या खालून. वर गॅलरीत उभ्या असलेल्या बायका बघत होत्या. एकीने आपल्या नातवाला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी कढई घासली आणि उपडी घातली. पाकिटं विकणाऱ्या एजंटला उरलेला माल परत दिला. शटर ओढलं. मागच्या खोलीत ते एकटे राहिले. मी जेवण पाठवत होते, कधी घेत, कधी आधीच जेवलो म्हणत. त्या वर्षी गावात माणसं गेली, दोन घरी भावकी आली नाही. ती घरं वाट बघत बसली. भाऊ गेले नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "घास भरवायला कोण आहे? आणि माझ्या हातचं गोड आता गावाला चालत नाही."

माझ्यामुळे दुकान बुडालं असं गावात अजून बोलतात. बोलोत. मी गेले नसते तरी बुडालंच असतं, फक्त त्यांचं तोंड कडू राहिलं असतं. घाटावरून तोवर कोणी आलं नव्हतं.

पुढचा पाडवा यायच्या आधी भाऊ गेले. झोपेत गेले, दूधवाल्याला कळलं. तेव्हा मात्र घाटावरचे दोघे त्याच दिवशी आले. तेरावं इथेच उरकलं, खोली रिकामी केली, टेम्पो भरला. बॅनर लागला तो तेव्हाच. बॅनरखाली उभं राहून त्या भावांनी फोटोही काढून घेतला. दुखवटा काढायचा प्रश्न आला नाही. भाऊंच्या मागे त्या घरात कोणी उरलंच नव्हतं, घास भरवायचा तर कोणाला?

दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. रात्रंदिवस दिवे.

साचे भावांनी भंगारवाल्याला दिले. मी हातगाडीवरून एक काढून घेतला. माझ्या कपाटाचा एक पाय आखूड आहे, कपाट हलायचं. त्याखाली बरोबर बसला. सून म्हणाली, "आई, काहीतरी चांगलं लावा ना, हे काय जुनं लाकूड." मी म्हटलं, लाकूड चांगलं आहे. फक्त त्याला मुंग्या लागतात. इतक्या वर्षांचा पाक आत मुरलेला, धुतला तरी जात नाही. मी खडूची रेघ ओढते. थोडे दिवस येत नाहीत, मग परत येतात.